टीएमटी निगेटिव्ह, मग बीपी २२४ कसं?

या महिन्याच्या टपालात टीएमटीची (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून ईसीजी आणि बीपी बघतात ती हार्टची टेस्ट) पत्रं एवढी आली की थायरॉइड आणि गुडघेदुखीवाल्यांना पुढच्या अंकात ढकलावं लागलं, माफ करा. गंमत म्हणजे ईसीजीबद्दल जवळपास कोणीच विचारलं नाही, सगळ्यांना पडलाय तो पट्ट्यावर चालताना बीपीचं काय झालं हाच प्रश्न. बरंच झालं, कारण रिपोर्टमधला हा रकाना पेशंट तर सोडाच, कधी कधी डॉक्टरही घाईत बघत नाहीत. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. वय ५४, बँकेत नोकरी, प्रतापनगरला राहतो. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमधे टीएमटी झाली. साडेसहा मिनिटं चाललो, दम लागला म्हणून थांबवली, छातीत काही दुखलं नाही. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात 'निगेटिव्ह' आणि खाली बारीक अक्षरात 'एक्झॅजरेटेड बीपी रिस्पॉन्स', म्हणजे बीपी प्रमाणाबाहेर चढलं, असं लिहिलंय. सुरुवातीला बीपी १३४/८६ होतं, शेवटी २२४/९८. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणे काकाजी टेन्शन नका घेऊ, ईसीजी क्लिअर आहे. आता घरी मंडळी म्हणून राहिली की २२४ म्हणजे डोक्याची नस फाटायची वेळ, उद्यापासून फिरायला जाणं बंद. कोणाचं ऐकू?

उत्तर : काकाजी, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. आधी नस फाटायचं बघू. चालताना बीपी चढणं हे व्हायलाच पाहिजे, पायाच्या स्नायूंना रक्त लागतं, हार्ट जोरात पंप करतं, म्हणून वरचा आकडा चढतो. त्याच वेळी स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, म्हणून खालचा आकडा आहे तिथेच राहतो किंवा थोडा उतरतो. तंदुरुस्त माणसाचंही वरचं बीपी पट्ट्यावर १८०, १९० होतं. बसल्या जागी २२४ असणं आणि चढावर धापा टाकत असताना दोन मिनिटं २२४ होणं यात खूप फरक आहे, आणि टेस्ट करणारे वरचं २५० किंवा खालचं ११५ च्या पुढे जायला लागलं की सहसा पट्टा थांबवतातच. तुम्ही त्याच्या अलीकडेच होता.

आता त्या पोराचं. ईसीजी क्लिअर म्हणजे एवढंच की त्या वेळेला हार्टला रक्त कमी पडल्याची खूण दिसली नाही, चांगलीच गोष्ट आहे ती. पण बीपीचा रकाना वेगळं काही सांगून राहिला आणि त्यावर "टेन्शन नका घेऊ" म्हणून फाइल बंद करणं मला पटत नाही.

हिशोब असा आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल वापरतात, सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी साठच्या दशकात बसवलेला. दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा स्पीडही वाढतो आणि चढही. पहिल्या स्टेजला ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरीला ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरीला साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. किती मेहनत झाली ते 'मेट' मधे मोजतात, शांत बसलेला माणूस म्हणजे १ मेट, दुसरी स्टेज संपेपर्यंत साधारण ७ मेट. आणि वरचं बीपी दर मेटमागे साधारण १० ने वाढतं असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे १३४ पासून निघालात तर साडेसहा मिनिटांना १९५ च्या आसपास असायला हवं होतं, तुमचं २२४ झालं. शिवाय खालचा आकडा ८६ चा ९८ झाला, तो १० पेक्षा जास्त वाढला तरी खटकतो. पुरुषांमधे २१० आणि बायकांमधे १९० ही वरच्या बीपीची रेघ बहुतेक जण धरतात, पण मी म्हणेन की रेघेपेक्षा किती मिनिटांत तिथे पोचलात ते जास्त बघा. १३ मिनिटं पळून २२४ झालेला माणूस आणि साडेसहा मिनिटांत २२४ झालेला माणूस, दोघांना एकाच रांगेत नाही बसवता येत.

असं का होतं तर बहुतेक वेळा रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, हार्टनं रक्त ढकललं की त्या पुरेशा ताणत नाहीत, आणि मग दाब वर जातो. अमेरिकेत फ्रामिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या हार्टचा अभ्यास चालू आहे, तिथे दिसलं की ज्यांचं बसलेलं बीपी नॉर्मल पण व्यायामात खालचं बीपी जास्त चढतं, त्यांना पुढच्या काही वर्षांत बीपीचा आजार लागण्याची शक्यता बऱ्यापैकी जास्त. आणि २०१३ मधे असे १२ अभ्यास, मिळून ४६ हजारांवर माणसं, एकत्र करून पाहिले तर मध्यम मेहनतीलाच ज्यांचं बीपी फार चढतं त्यांच्यात हार्टचे, स्ट्रोकचे त्रास आणि मृत्यू ३६ टक्क्यांनी जास्त निघाले, वय, बसलेलं बीपी वगैरे सगळं हिशोबात धरून. ३६ टक्के ऐकून घाबरू नका, याचा अर्थ जिथे १०० पैकी १० जणांना त्रास झाला असता तिथे १३-१४ जणांना झाला. गंमत अशी की अगदी शेवटच्या, पूर्ण दमल्यावरच्या आकड्याशी हे नातं तेवढं पक्कं सापडलं नाही. म्हणून रिपोर्टमधे दुसऱ्या स्टेजचा आकडा शोधा, तो तुमच्या रोजच्या जिने चढण्याशी, बसमागे धावण्याशी जास्त जुळतो.

करायचं काय? तुमचं बसलेलं १३४/८६ हेच मुळात काठावरचं आहे. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको, ७ दिवस सकाळी गोळी-चहाच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, ५ मिनिटं शांत बसून दोन दोन वेळा मोजा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर बीपी आहे असं समजा. काठावर आली तर २४ तासांचं बीपी लावायला सांगा, ते यंत्र कमरेला लटकवून घरी पाठवतात आणि ते दर अर्ध्या तासाला आपोआप मोजतं. सोबत शुगर, लिपिड, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि एक इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, त्यात हार्टची भिंत जाड झाली का ते कळतं. नुसत्या टीएमटीच्या २२४ वर आयुष्यभराची गोळी सुरू करू नका, आणि कोणी करून दिली तर विचारा की घरचं बीपी पाहिलं का.

फिरणं बंद करायचं तर अजिबात नाही, वहिनींना सांगा. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला जे काही चालत असाल ते चालू ठेवा, बोलता येईल एवढ्याच स्पीडनं. नियमित चालण्यानं बीपी असलेल्या माणसाचं बसलेलं बीपी ५ ते ८ नं उतरतं, एका साध्या गोळीच्या जवळपास. बंद काही करायचंच असेल तर रविवारच्या सावजी रश्श्यावर वरून मीठ घेणं, पापड, लोणचं आणि दुपारच्या चहासोबतचा चिवडा बंद करा. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचा.

प्रश्न : मॅडम, माझे बाबा ६६ वर्षांचे, शुगर आहे, खामल्याला राहतात. जिना चढताना छाती भरून येते म्हणून टीएमटी केली. सुरुवातीला १४० होतं, पहिल्या स्टेजला १५०, नंतर एकदम ११८ झालं, घाम आला, ईसीजीत पण बदल आले म्हणून त्यांनी टेस्ट मधेच बंद केली आणि लगेच ॲंजिओग्राफी करा म्हणाले. काकांचं म्हणणं की बीपी कमी झालं तर चांगलंच आहे ना, जास्त असतं तर भीती, हे सगळे पैसे काढायचे धंदे. पुढच्या महिन्यात चुलत भावाचं लग्न आहे, ते उरकून मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू असं ठरून राहिलं. चालेल का?

उत्तर : नाही ताई, नाही चालणार. हे पत्र मिळालं तेव्हाच तुम्हाला फोन करून सांगितलंय, इथे छापतेय ते बाकीच्या काकांसाठी.

वरच्या बँकवाल्या काकाजींना मी सवडीनं तपासा म्हटलं, तुमच्या बाबांना तसं नाही म्हणता येत. मेहनत वाढत असताना बीपी वाढलंच पाहिजे. ते वाढायचं सोडून सुरुवातीच्याही खाली आलं, तर त्याचा सरळ अर्थ निघतो की शरीर जास्त रक्त मागतंय आणि हार्ट ते देऊ शकत नाहीये. असं होतं तेव्हा हार्टला रक्त पुरवणारी डाव्या बाजूची मुख्य नस, जिला लेफ्ट मेन म्हणतात, तिथे ब्लॉक आहे का, किंवा तिन्ही नसांमधे आहे का, हा संशय पहिला घ्यावा लागतो, कारण मग हार्टचा मोठा भाग एकाच वेळी उपाशी पडतो आणि पंप ढिला होतो. टेस्टच्या नियमात वरचं बीपी १० पेक्षा जास्त खाली आलं आणि सोबत ईसीजीत बदल किंवा छातीत दुखणं असेल, तर पट्टा ताबडतोब थांबवायचा, तिथे "अजून एक मिनिट चला" नसतं. तुमच्याकडे त्यांनी थांबवलं, बरोबर केलं.

बीपी पडण्याची बाकीची कारणंही असतात, ती पण सांगते म्हणजे उगाच प्रत्येक जण घाबरणार नाही. एओर्टिक व्हॉल्व्ह (हार्टमधून रक्त बाहेर पडतं तिथली झडप) आकसलेला असणं, हार्टचा स्नायू जन्मतः जाड असणं, ही इकोत दिसतात. मग साधी कारणं, शरीरात पाणी कमी, बीपीच्या गोळ्यांचा डोस जास्त, प्रोस्टेटसाठी रात्री घेतात त्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या, किंवा नुसती घाबरून आलेली चक्कर. नुसतं बीपी उतरलं आणि ईसीजी स्वच्छ, लक्षण काही नाही, तर डॉक्टर थांबून विचार करतात. पण ६६ वय, शुगर, जिन्यावर छाती भरणं, घाम, ईसीजी आणि बीपी, एवढं सगळं एका माणसात जमलं की साध्या कारणाच्या आशेवर महिना काढायचा नसतो.

पैसे काढण्याचा संशय येतो हे मला कळतं, आणि तो नेहमी खोटा असतो असं मी म्हणणार नाही, नको तिथे ॲंजिओग्राफी सांगितलेले पेशंट माझ्याकडेही येतात. संशय असेल तर दुसरं मत जरूर घ्या, पण दोन दिवसांत घ्या, टीएमटीची सगळी पानं आणि ईसीजीचे कागद सोबत घेऊन. खाजगीत जायचं नसेल तर आपल्या नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत कार्डिओलॉजी आहे, रांगेत वेळ जाईल पण तिथे कोणी तुमच्याकडून कमिशन काढायला बसलेलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. तोवर बाबांना जिने, ओझं, जेवल्यावर लगेच चालणं नको, दिलेल्या गोळ्या चुकवू नका, आणि बसल्या बसल्या छातीत दाब, घाम, जबड्यात-हातात ओढ असं काही आलं तर १०८ ला फोन करा, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. लग्नाला ते नसले तरी लग्न लागतं.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका, वय ४६, महालात राहते. डॉक्टरांकडे बीपी १२६/८०, घरी कधी मोजलं नाही. टीएमटीत दुसऱ्याच स्टेजला १९६/९४ झालं. खरं सांगू का, मी चपला घालून गेले होते, पाय सटकेल म्हणून पूर्ण वेळ दांडी घट्ट पकडून होते. त्यामुळे झालं असेल का? दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, नंतर आपोआप उतरलं.

उत्तर : चपलांवर टीएमटी केली, कमाल आहे तुमची, आणि त्या लोकांचीही की त्यांनी करू दिली. दांडी आवळून धरली की हाताचे स्नायू ताणले जातात, बीपी जास्त दिसू शकतं आणि पायाची मेहनत मात्र कमी होते, म्हणजे दोन्हीकडून आकडा बिघडतो. पट्टा चालू असताना बीपी हातानं, स्टेथोस्कोप लावून घेतलेलं बरं, पण पट्ट्याचा आवाज, हलता हात, त्यात खालचा आकडा नीट ऐकू येणं फार कठीण, म्हणून तुमच्या ९४ वर मी फार भर देणार नाही. दंड जाड आणि बीपी मोजताना दंडाला बांधतात तो पट्टा लहान असला तरी आकडा फुगतो. तर हो, काही भाग दांडीचा असू शकतो.

पण सगळं दांडीवर ढकलू नका. मला तुमच्या पत्रात १९६ पेक्षा शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्यांना पुढे बीपी, हार्टचा आजार, स्ट्रोक यांचा धोका जास्त असतो, बाळंतपणानंतर उतरलं तरी. ही गोष्ट आपल्याकडे डिस्चार्ज कार्डासोबत कपाटात जाते आणि २० वर्षं कोणी विचारत नाही. त्यात आता पाळी जायचं वय आलं. डॉक्टरांकडे नॉर्मल आणि बाकी वेळी वाढलेलं असं लपलेलं बीपी असतं, आणि व्यायामात फार चढणाऱ्यांमधे ते बऱ्याचदा सापडतं. तुम्ही थेट २४ तासांचं बीपी लावा, तेही शाळेच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी लावून "नॉर्मल आलं" म्हणून येऊ नका. पूर्ण २४ तासांची सरासरी १३०/८० च्या खाली आणि झोपेतली १२०/७० च्या खाली हवी. झोपेतलं उतरत नसेल तर घोरणं आहे का हेही घरच्यांना विचारा, त्यांना माहीत असतं.

प्रश्न : वय ४१, हाफ मॅरेथॉन पळतो. टीएमटीत १३ मिनिटांना ११८ वरून २१२ झालं, खालचं ७४. ट्रेनर म्हणतो डेंजर. जिममधे लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचा व्यायाम) पण मारतो, ते सोडू का?

उत्तर : पळा. १३ मिनिटं ब्रूसवर टिकलात म्हणजे १४ च्या आसपास मेट झाले, त्या मानानं २१२ ठीकच आहे, मेटमागे ७-८ नं चढलंय. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या अभ्यासातही नुसतं शेवटी २१० ओलांडलं म्हणून लोक जास्त दगावले असं दिसलं नाही, मेटमागे किती झपाट्यानं चढतं यावर जास्त अवलंबून होतं. वर्षातून दोनदा बसलेलं बीपी बघा, बास.

लेग प्रेसबद्दल मात्र ट्रेनरला एक गोष्ट सांगा. १९८५ साली कॅनडात ५ बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत थेट नळी घालून बीपी मोजलं होतं, दोन्ही पायांनी जड लेग प्रेस मारताना सरासरी ३२०/२५० निघालं, एकाचं तर ४८०/३५० च्याही वर. काही सेकंदांपुरतं, पण एवढं. यात मोठा हात श्वास कोंडण्याचा असतो. म्हणून वजन ढकलताना श्वास सोडा, १२-१५ वेळा उचलता येईल एवढंच लावा. सोडायची गरज नाही.

प्रश्न : वय ५८, बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू. टीएमटीत बीपी १२८ चं फक्त १४० झालं, ठोके ११२ च्या वर गेलेच नाहीत. रिपोर्टवर 'ब्लंटेड रिस्पॉन्स, इनकन्क्लुझिव्ह' (प्रतिसाद दबलेला, ठोस निकाल नाही) आलंय. हार्ट कमजोर झालं का?

उत्तर : भाऊ, ही गोळीच ठोके आणि बीपी चढू न देण्यासाठी आहे, ती तिचं काम करून राहिली. टेस्टला २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के ठोके लागतात, म्हणजे तुम्हाला १३८, तुम्ही ११२ ला अडकलात, म्हणून निकाल अर्धवट. टेस्ट आजार शोधायला असेल तर डॉक्टर १-२ दिवस आधी गोळी थांबवायला सांगतात, आणि चालू औषधावर कसं चाललंय ते बघायचं असेल तर घेऊनच या म्हणतात. कुठली आहे ते त्यांनाच विचारायचं, मनानं गोळी बंद करायची नाही, अचानक बंद केली की ठोके आणि बीपी उसळतात. गोळी चालू नसताना बीपी असंच दबलेलं राहिलं असतं, २०-३० नंही वाढलं नसतं, तर मग इको आणि पुढचं बघावं लागलं असतं.

प्रश्न : टेस्ट संपल्यावर बराच वेळ बीपी उतरत नव्हतं असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. याला काही अर्थ असतो का?

उत्तर : असतो, आणि सिस्टर हुशार आहेत. थांबल्यावर तिसऱ्या मिनिटाचं वरचं बीपी पहिल्या मिनिटापेक्षा कमीच असायला पाहिजे. जास्त निघालं तर हार्टच्या नसांच्या आजाराकडे बोट दाखवणारी ती एक खूण आहे, एकटी पुरेशी नाही, पण ईसीजी काठावरचा असेल तर पारडं झुकवते. तुमचे हे दोन आकडे तक्त्यात असतील, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मे महिन्यात टीएमटी करावी का? आणि आईला (वय ७२, त्रास काही नाही, गुडघे दुखतात) पॅकेजमधे टीएमटी फुकट मिळून राहिली, करून घेऊ का?

उत्तर : खोलीत एसी असतो, पण ४५ डिग्रीत दुपारी सीताबर्डीहून ऑटोत तापत येऊन लगेच पट्ट्यावर चढलात तर बीपी पडेलच. सकाळची वेळ घ्या, पाणी पिऊन या, २-३ तास आधी हलकं खा, तर्री पोहा नको, चहा-कॉफी-खर्रा-सिगारेट नको, बूट आणा. आईचं म्हणाल तर काहीच त्रास नसलेल्या माणसाची टीएमटी पॅकेजमधे आहे म्हणून करायची नसते, त्यातून उगाच खोटी पॉझिटिव्ह निघते, बायकांमधे तर जास्तच, आणि मग ॲंजिओग्राफीपर्यंत धावपळ. दुखऱ्या गुडघ्यांवर दोन मिनिटांत थांबल्या तर तेवढ्यावरून काही कळतही नाही. पुढे कधी खरंच गरज पडली तर चालायला न लावता औषध देऊन इको करतात, डोब्युटामिन स्ट्रेस इको म्हणतात त्याला. सध्या त्या फुकटातल्या टीएमटीऐवजी त्यांचं बीपी बसून आणि मग उभं राहून ३ मिनिटांनी मोजून घ्या, या वयात उभं राहिल्यावर वरचं बीपी २० नं पडतं का हे कळणं जास्त कामाचं आहे.